अफू भरपूर, मॉर्फिन दुर्मीळ

फेब्रुवारी लागला की मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमच भागातली अख्खी कुटुंबं शेतावर मुक्कामाला जातात. खसखशीच्या पांढऱ्या पाकळ्या गळून गेलेल्या असतात आणि मागे हिरवी, टपोरी बोंडं उरलेली असतात. दुपार कलली की तीन-चार बारीक पाती बांधलेल्या हत्याराने एकेका बोंडावर चीर मारायची. रात्रभर त्यातून दुधासारखा चीक पाझरतो आणि हवा लागून तांबूस-काळा होतो. पहाटे, ऊन चढायच्या आत, तो खरवडून डब्यात गोळा करायचा. दोन-तीन दिवस थांबायचं, मग त्याच बोंडाला पुन्हा चीर. हे काम सुरू करण्याआधी मालव्यात कालीमातेची पूजा होते. एक गारपीट झाली तर वर्षाची कमाई जाते, हे त्यामागचं साधं कारण. हल्ली शेतावर वरून जाळीही ताणावी लागते, कारण पोपटांना या बोंडांची चटक लागली आहे. पोपटांना परवाना लागत नाही.

माणसांना लागतो. भारतात अफूचं पीक मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांतच घेता येतं, आणि तेही ग्वाल्हेरला मुख्यालय असलेल्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोच्या परवान्यावर. 'अफूचं वर्ष' १ ऑक्टोबरला सुरू होतं. जमीन मोजतात आरीत, म्हणजे आपल्या सातबारावर असतो त्याच 'आर'मध्ये. बहुतेकांच्या वाट्याला जेमतेम दहा-वीस गुंठ्यांचा तुकडा येतो. गेल्या वर्षी तुमच्या चिकातून हेक्टरी किमान ४.२ किलो मॉर्फिन निघालं असेल, तरच यंदा चीर मारायची परवानगी. २०२३-२४च्या हंगामात सगळ्या प्रकारचे मिळून सुमारे १.१२ लाख शेतकरी परवान्यास पात्र ठरले. एप्रिलमध्ये सरकारी तोलकाट्यावर अफू घातली जाते, तिच्यातल्या पाण्याचं प्रमाण तपासलं जातं आणि किलोला जास्तीत जास्त काही हजार रुपये हातावर पडतात. चोरट्या बाजारात त्याच किलोला कित्येक पट भाव असतो, हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कमी भरली तर पुढच्या वर्षीचा परवाना जातो आणि लपवून ठेवली तर तुरुंग.

ही अफू नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते. गाझीपूरचा कारखाना १८२०चा, कंपनी सरकारच्या वेळचा. ऑस्ट्रेलिया, तुर्कस्तान, फ्रान्स, स्पेन हे देशही औषधासाठी खसखस पिकवतात, पण तिथे बोंडं वाळवून यंत्राने कापतात. चीक खरवडून काढलेली अफू कायदेशीरपणे निर्यात करणारा देश जगात एकच आहे, भारत. अमेरिकेने तर १९८१ साली नियमच करून ठेवला की वेदनाशामकांसाठी लागणारा ८० टक्के कच्चा माल भारत आणि तुर्कस्तान या दोन देशांकडूनच घ्यायचा. मालव्यातला चीक अशा रीतीने समुद्र ओलांडून अमेरिकेतल्या औषधांच्या बाटल्यांत पोचत राहिला.

रतलामहून संध्याकाळी गाडीत बसलं की सकाळी मुंबई. परळला टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आसपासच्या फुटपाथांवर पथाऱ्या पसरलेली माणसं मुंबईकरांच्या इतक्या सवयीची झाली आहेत, की त्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही. त्यांत तंबाखूने तोंडाचा कर्करोग झालेले पुष्कळ असतात. आपल्याकडे बहुतेक रोगी फार उशिरा डॉक्टरांपर्यंत पोचतात आणि तोवर आजार बरा होण्यापलीकडे गेलेला असतो. मग उरतं ते दुखणं. जबड्याच्या हाडात, मणक्यात शिरलेल्या कर्करोगाचं दुखणं कसं असतं, हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना सांगायला नको. माणूस झोपत नाही, जेवत नाही, शेवटी बोलायचंही सोडून देतो. पॅरासिटामॉल किंवा साध्या वेदनाशामक गोळ्या इथे चालत नाहीत. चालतं ते मॉर्फिन. तोंडाने घ्यायची दहा मिलिग्रॅमची गोळी, दर चार तासांनी. किंमत काही रुपये. टाटामध्ये ती मिळते. अडचण सुरू होते ती नंतर, रोग्याला 'आता घरी न्या' असं सांगितल्यावर. नांदेड किंवा बुलढाण्याच्या एखाद्या तालुक्याच्या गावी बरोबर आणलेल्या गोळ्या संपल्या की पुढे काय? औषधाच्या दुकानात चिठ्ठी दाखवली की दुकानदार मान हलवतो. स्थानिक डॉक्टर म्हणतात, परत मुंबईला जाऊन आणा.

औषधाचा कच्चा माल पिकवणाऱ्या देशात ते औषधच मिळू नये, ही गोष्ट एका दिवसात घडलेली नाही. पण तिला एक तारीख मात्र आहे.

त्या तारखेकडे जाण्याआधी थोडं मागे जाऊ. मुंबईचं अफूशी नातं तसं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात मालव्यातली अफू शिंदे-होळकरांच्या मुलखातून निघून चीनला जायची. इंग्रजांना तिच्यावर बंगालच्या अफूसारखी मक्तेदारी लादता आली नाही. माल पोर्तुगीजांच्या दमणमार्गे निसटू लागला, तेव्हा कंपनीने हात टेकले आणि मुंबईतूनच माल न्या, फक्त पासाची फी भरा, असा तोडगा काढला. या व्यापारात गबर झालेल्यांत सर जमशेटजी जीजीभॉय अग्रभागी होते. १८४५ साली सुरू झालेलं त्यांच्या नावाचं जे. जे. रुग्णालय आजही भायखळ्याला उभं आहे. अफूच्या पैशातून रुग्णालय उभं राहिलं आणि पुढच्या शतकात अफूच्याच औषधावाचून रोगी तळमळले, असा हा प्रवास.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत एक नवी पूड आली. ब्राउन शुगर. मराठीत तिला 'गर्द' म्हणू लागले आणि ती ओढणारा 'गर्दुल्ला' झाला. इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानातलं युद्ध यांमुळे हेरॉइनचे जुने मार्ग बदलले आणि त्यातला एक फाटा मुंबईच्या बंदरात येऊन मिळाला. चाळीतली, कॉलेजातली, गिरणी कामगारांची पोरं चांदीच्या कागदावर पूड तापवून धूर ओढताना दिसू लागली. अनिल अवचटांनी तिच्यावर लिहिलेले लेख आणि पुढे आलेलं 'गर्द' हे पुस्तक वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झालं. डॉ. अनिता अवचटांनी त्याची घडी बसवली. व्यसनाकडे गुन्हा म्हणून न बघता आजार म्हणून बघायचं, ही वाट मराठी समाजात तिथून रुळली.

दिल्लीने त्याच्या आदल्या वर्षीच वेगळी वाट धरली होती. १९८५च्या ऑगस्टच्या अखेरीस संसदेत मांडलेल्या विधेयकावर १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झालीसुद्धा. अमली पदार्थांसारख्या गुंतागुंतीच्या विषयावर देशाने तीन-चार आठवड्यांत कायदा करून टाकला. १४ नोव्हेंबर १९८५पासून तो लागू झाला. पोलीस आणि वकील त्याला आजही त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांनीच ओळखतात: एनडीपीएस. त्याआधीचे अफूचे कायदे १८५७ आणि १८७८चे, आणि त्यांच्या जोडीला १९३०चा घातक औषधांचा कायदा. त्यांत पहिल्या गुन्ह्याला शिक्षा फार तर तीन वर्षांची. नव्या कायद्यात मोठ्या गुन्ह्यांना कमीत कमी दहा वर्षं तुरुंग आणि एक लाख रुपये दंड आला. १९८९मध्ये जामीन जवळपास बंद झाला आणि दुसऱ्यांदा सापडल्यास काही गुन्ह्यांत फाशी सक्तीची ठरली. किती माल सापडला यावरून शिक्षा कमीजास्त करण्याची सोय व्हायला २००१ साल उजाडलं.

सरकारचा हेतू वाईट होता असं म्हणता येणार नाही. भारताने सही केलेल्या १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या प्रस्तावनेतच वेदना शमवण्यासाठी ही औषधं अपरिहार्य आहेत आणि त्यांची पुरेशी तरतूद व्हायला हवी, असं म्हटलेलं आहे. करारातला बंदीचा भाग आपण मन लावून वाचला, तरतुदीचा भाग राज्यांवर सोपवून मोकळे झालो. नव्या कायद्याने मॉर्फिनच्या वैद्यकीय वापराचे नियम करायचा अधिकार राज्य सरकारांना दिला आणि प्रत्येक राज्याने आपापलं कुलूप बनवलं.

ती कुलपं कशी होती, ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खरी करामत तिथेच होती. एखाद्या रुग्णालयाला दुसऱ्या राज्यातल्या कंपनीकडून मॉर्फिनच्या गोळ्या मागवायच्या आहेत असं समजा. आधी स्वतःकडे मॉर्फिन बाळगण्याचा परवाना हवा. मग आपल्या राज्यात माल आणण्याचा परवाना, त्या राज्यातून माल बाहेर काढण्याचा परवाना आणि वाटेतल्या वाहतुकीचा परवाना. काही कागद अबकारी खात्याकडे, काही औषध नियंत्रकाकडे. प्रत्येकाला मुदत, आणि माल हलवायच्या दिवशी सगळे एकाच वेळी चालू असले पाहिजेत! शेवटचा कागद हातात येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली. हे सगळं पार पडलंच, तरी नोंदीत चार गोळ्यांचा फरक निघाला तर दहा वर्षांच्या तुरुंगवासाची धास्ती असलेला कायदा डोक्यावर. औषध दुकानदाराने साधा हिशेब केला. गोळीवर सुटणार पैसा-दोन पैसे, आणि जोखीम एवढी. त्याने ती ठेवणंच बंद केलं. मागणी आटली तसं कंपन्यांनाही तिच्यात रस उरला नाही.

परिणाम आकड्यांतच बघावा. १९८५नंतरच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. १९९७ साली अख्ख्या भारताने वर्षभरात मिळून १८ किलो मॉर्फिन वापरलं. नव्वद कोटींहून अधिक माणसं आणि १८ किलो.

याहून मोठं नुकसान झालं ते डॉक्टरांच्या डोक्यात. मॉर्फिनची गोळी हातात कधी धरलीच नाही अशा डॉक्टरांच्या पिढ्या वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडल्या. मॉर्फिन म्हणजे व्यसन, मॉर्फिन म्हणजे श्वास बंद, मॉर्फिन म्हणजे अगदी शेवटच्या दिवसाचं औषध, असल्या समजुती त्यांनी पुस्तकांतून आणि वरिष्ठांकडून उचलल्या. वास्तविक, नीट मात्रेने आणि वेळच्या वेळी दिलं तर कर्करोगाच्या रोग्याला त्याची नशा चढत नाही. मात्रा थोडीथोडी वाढवत न्यावी लागते आणि हमखास होणारा त्रास बद्धकोष्ठाचा, म्हणून जोडीला रेचक द्यायचं. घरच्यांचीही भीती तीच: 'याला सवय लागली तर?' महिना-दोन महिन्यांचा सोबती असलेल्या माणसाच्या बाबतीत विचारलेला हा प्रश्न भारतातल्या किती वॉर्डांत ऐकू आला असेल, कोण जाणे.

काही माणसं मात्र वेगळी निघाली. मुंबईत बांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६मध्ये शांती आवेदना सदन सुरू केलं. मरणाच्या वाटेवरच्या कर्करोग्यांसाठी काढलेलं ते देशातलं पहिलं आश्रयस्थान. पुढे त्याची शाखा गोव्यातही निघाली. केरळात कालिकतच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात भूलतज्ज्ञ असलेले डॉ. एम. आर. राजगोपाल, त्यांचे सहकारी डॉ. सुरेश कुमार आणि स्वयंसेवक अशोक कुमार यांनी १९९३मध्ये वेदना आणि पॅलिएटिव्ह केअरचं छोटंसं केंद्र काढलं. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा करता येत नसला तरी माणसाचा त्रास कमी करणारी शुश्रूषा. कालिकतच्या मंडळींनी रोग्याने रुग्णालयात यायची वाट पाहिली नाही. गावातले रिक्षावाले, शिक्षक, गृहिणी यांना थोडं शिक्षण देऊन घरोघर पाठवायला सुरुवात केली. हे जाळं एवढं वाढलं, की २००८मध्ये केरळ सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं स्वतंत्र धोरणच जाहीर केलं. देशातलं ते पहिलं.

कालिकतच्या केंद्राने आणखी एक काम केलं. गोळ्या घरी दिल्या तर त्या चोरट्या बाजारात जातील, हा अधिकाऱ्यांचा ठरलेला आक्षेप. राजगोपाल आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी दोन वर्षांत केंद्रातून मॉर्फिन घेतलेल्या १,७२३ रोग्यांच्या नोंदी तपासल्या. गैरवापराची किंवा गोळ्या बाहेर गेल्याची एकही घटना सापडली नाही. २००१ साली हा निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्याआधी, १९९८मध्ये, केंद्र सरकारच्या महसूल खात्याने राज्यांना सोप्या नियमांचा नमुना पाठवला होता. काही राज्यांनी तो स्वीकारला, काहींनी फायलीत घातला, आणि स्वीकारलेल्यांतही तो टेबलांपर्यंत पोचलाच असं नाही. २००९मध्ये 'ह्यूमन राइट्स वॉच'ला आढळलं, की सरकारी मदतीवर चालणाऱ्या प्रादेशिक कर्करोग केंद्रांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी वेदनेवरच्या उपचारांची सोयच नव्हती. कर्करोग केंद्रांमध्ये!

अखेर २१ फेब्रुवारी २०१४ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, राज्यसभेत दुरुस्ती मंजूर झाली. मॉर्फिन, फेन्टानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली. त्यांचे नियम आता केंद्राने करायचे, सगळ्या राज्यांना एकच. चार-पाच परवान्यांच्या जागी रुग्णालयाला एकाच अधिकाऱ्याची, राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरेशी. कायद्याच्या उद्देशातही वैद्यकीय वापराला चालना देण्याचे शब्द आले.

याच दुरुस्तीने एक गंमत केली. व्याख्यांच्या यादीत 'अत्यावश्यक औषधं' हे नवं कलम घुसवताना जुन्या व्याख्येचा क्रमांक एका अक्षराने पुढे सरकला, पण अमली पदार्थांच्या धंद्याला पैसा पुरवणाऱ्यांना शिक्षा करणारं २७-अ कलम जुन्याच क्रमांकाकडे बोट दाखवत राहिलं. कागदोपत्री ते कलम सात वर्षं हवेत लटकत होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. २०२१मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयापुढे एका आरोपीने हा मुद्दा उपस्थित केला, तेव्हा सरकारला आधी अध्यादेश आणि मग डिसेंबरमध्ये कायदा करून ती चूक निस्तरावी लागली. रुग्णालयातल्या परिचारिकेची नोंद चार गोळ्यांनी चुकली तर तिला घाम फुटतो, त्याच कायद्यातली ही गोष्ट.

दुरुस्तीनंतर चित्र पालटलं का? थोडंसं. २०१७मध्ये 'लॅन्सेट'च्या आयोगाने जगातल्या वेदनाशमनाचा हिशेब मांडला. दरवर्षी वाटल्या जाणाऱ्या अफूजन्य वेदनाशामकांचं वजन मॉर्फिनच्या हिशेबाने सुमारे २९८.५ टन; त्यातलं सगळ्यात गरीब देशांच्या वाट्याला आलं ०.१ टन. भारताच्या वैद्यकीय गरजेपैकी अवघी ४ टक्के गरज भागत होती. अमेरिकेत गरजेच्या तीसपटींहून जास्त औषध वाटलं जात होतं.

अमेरिकेचं नाव निघालं की मॉर्फिनच्या विरोधकांना हत्यारच मिळतं, आणि ते अगदीच बोथट नाही. तिथे १९९६मध्ये 'पर्ड्यू फार्मा' कंपनीने 'ऑक्सिकॉन्टिन' बाजारात आणलं आणि पाठदुखी-गुडघेदुखीवरही ते बिनधोक आहे असं डॉक्टरांच्या गळी उतरवलं. २००७मध्ये कंपनीने दिशाभूल केल्याची कबुली न्यायालयात दिली. पण तोवर व्यसन घरोघर पोचलं होतं, त्यातून लोक हेरॉइनकडे आणि नंतर चोरट्या फेन्टानिलकडे वळले. २०२१ या एका वर्षात तिथे ८० हजारांहून अधिक माणसं या प्रकारच्या पदार्थांच्या अतिसेवनाने मेली. हा धडा खराच आहे. मात्र तो सांगतो कंपन्यांच्या जाहिरातबाजीबद्दल. जबडा सडलेल्या माणसाला दर चार तासांनी तोलूनमापून दिलेल्या गोळीबद्दल त्यात काही नाही. आणि राजगोपालांसारखे डॉक्टरही औषध मोकाट सोडा असं कधी म्हणाले नाहीत. शिकलेले डॉक्टर, स्वस्त गोळी आणि चोख नोंद, एवढीच त्यांची मागणी. बाजारात घडलं ते उलटंच. फेन्टानिलचे महागडे पॅच काही ठिकाणी मिळू लागले, कारण त्यांत कंपनीला फायदा. स्वस्त गोळीसाठी मात्र धावाधाव चालूच.

कायद्याचा धाक रोग्यापर्यंत इतका पोचला, मग धंदेवाल्यांपर्यंतही पोचला असेल असं वाटणं साहजिक आहे. मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतले २०१७ आणि २०१८चे या कायद्याखालचे खटले 'विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी' या संस्थेने चाळले. एकूण १०,६६९ खटले. ते जवळपास सगळेच्या सगळे स्वतः सेवन केल्याचे होते आणि त्यांतले ८७ टक्के गांजाचे. गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, सुटायचं. पकडलेला पुन्हा त्याच फुटपाथवर. उपचाराला तयार असलेल्या व्यसनीला खटल्यातून सूट देणारी कलमं कायद्यात आहेत, ३९ आणि ६४-अ. ती वकिलांच्या पुस्तकांत सुरक्षित आहेत. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात अफूजन्य पदार्थ वापरणाऱ्यांची संख्या दोन कोटींच्या वर होती. एवढ्यांना कोंडायला तुरुंग पुरणार नाहीत, हे पोलिसांनाही कळतं.

आणि फाशी? मुंबईच्या विशेष न्यायालयाने २००८मध्ये चरसच्या दुसऱ्या गुन्ह्यासाठी एका काश्मिरी माणसाला ती ठोठावली होती. कायद्यात दुसरा पर्यायच नव्हता. 'इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्क' या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १६ जून २०११ रोजी सक्तीची फाशी घटनेच्या २१व्या कलमाशी विसंगत ठरवली आणि निर्णय न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवला. अमली पदार्थांच्या गुन्ह्यातली सक्तीची फाशी नाकारणारं जगातलं हे पहिलं न्यायालय मानलं जातं. मुंबईच्या नावावर अफूच्या व्यापाराइतकीच ही नोंदही आहे, पण ती फार कमी मुंबईकरांना माहीत आहे.

धाक कुठे पोचला नाही, ते फेब्रुवारी २०२५मध्ये दिसलं. मुंबईतली एक औषध कंपनी टॅपेन्टाडॉल हे अफूसारखं काम करणारं वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध एकत्र करून बनवलेल्या गोळ्या घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टला पाठवत असल्याचं बीबीसीच्या पत्रकारांनी छुप्या कॅमेऱ्याने दाखवलं. अशी जोडगोळी वापरायला जगात कुठेच मान्यता नाही, आणि तिथल्या रस्त्यांवरची तरुण पोरं तिच्या आहारी गेलेली. बातमीनंतर केंद्राने या गोळ्यांची निर्मिती आणि निर्यात दोन्ही थांबवली. तोवर खोकीच्या खोकी बंदरातून रीतसर बाहेर गेली होती. तालुक्याच्या रुग्णालयाला दहा-दहा गोळ्यांच्या पट्ट्यांसाठी जे कागद गोळा करावे लागायचे, त्यांच्याशी याची तुलना केली की गंमत वाटते आणि रागही येतो.

चांगलं काही घडतंय, ते हळू आहे. टाटा मेमोरियलमध्ये २०१२पासून पॅलिएटिव्ह मेडिसिनचं पदव्युत्तर शिक्षण मिळू लागलं. २०१९च्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वेदना आणि शेवटच्या दिवसांतली शुश्रूषा आली. राजगोपालांना २०१८मध्ये पद्मश्री मिळाली. पण मॉर्फिन ठेवायची मान्यता घ्यायला रुग्णालयं पुढे येत नाहीत, हा आता मोठा अडसर आहे. नियम सोपे झाले तरी चाळीस वर्षांची भीती प्रशासकाच्या टेबलावरून उठत नाही. 'कशाला ती कटकट' हे वाक्य मॉर्फिनच्या वाटेत परवान्यांइतकंच आडवं आलं आहे.

जिथे केंद्र नीट चालतं, तिथली पद्धत बघण्यासारखी असते. कपाटाला कुलूप, किल्ली ठरलेल्या माणसाकडे, नोंदवहीत रोग्याचं नाव, गोळ्यांची संख्या, नेणाऱ्याची सही. आठवड्याच्या किंवा पंधरवड्याच्या गोळ्या बांधून देतात आणि घरच्यांना दोनदा समजावतात: दुखो न दुखो, घड्याळ बघून द्यायची, रात्रीची मात्रा दुप्पट द्यायची म्हणजे मध्यरात्री उठावं लागत नाही, सोबत रेचक विसरायचं नाही. रोगी गेला की उरलेल्या गोळ्या परत करायच्या असतात. दहावा-बारावा उरकला की घरातलं कुणी तरी, बहुतेक वेळा मुलगी किंवा सून, प्लॅस्टिकच्या पिशवीत ती पट्टी घेऊन येते. परिचारिका गोळ्या मोजते, आकडा नोंदवहीत लिहिते आणि सहीसाठी वही पुढे सरकवते.